काय बदललंत, आणि का?

बंगळूरमध्ये मल्लेश्वरमच्या सहाव्या क्रॉसवर कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षा मंडळाची कचेरी आहे. एसएसएलसीचा, म्हणजे या दहावीच्या परीक्षेचा, कारभार इथून चालतो. कन्नड, इंग्रजी, उर्दू यांच्याबरोबर ही परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी शाळा आहेत. मी या कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर राहते. आयुष्यभर गणित शिकवलं. आता निवृत्त आहे, तरी भाजीला आठव्या क्रॉसकडे जाताना ते फाटक दिसलं की मनात प्रश्नपत्रिकाच येते. प्रश्नपत्रिकेतल्या प्रश्नाची एक खूण असते: विचारणाऱ्याला त्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं.

विचारणाऱ्याला उत्तर खरोखरच ठाऊक नाही, असा प्रश्न मला एका ऑनलाइन अभ्यासक्रमात भेटला. अभ्यासक्रम शिक्षकांसाठी होता. त्यात वर्गात करायचा एक उपक्रम नीट समजावून दिला होता, आणि तो संपल्यावर शिक्षकाला विचारलं होतं की आम्ही सुचवलेल्या कृतीत तू स्वतः काही फेरफार केलास का, आणि केला असशील तर त्यामागे तुझा विचार काय होता. मी तो भाग दोनदा वाचला. नोकरीच्या काळात प्रशिक्षणं पुष्कळ झाली. प्रत्येक वेळी जे सांगितलं ते तसंच्या तसं केलं का, एवढंच तपासलं गेलं. बदल केलात का, हे कौतुकाने, जाणून घेण्याच्या इच्छेने कोणी विचारलेलं मला आठवत नाही.

या एका प्रश्नासाठी मी तो अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, आणि एखादं पुस्तक वाचावं तसा वाचला. हा लेख त्या वाचनाचा आहे. अभ्यासक्रमाचं रसग्रहण कोणी करत नाही, हे मला माहीत आहे. पण पाठ हीसुद्धा रचना असते. तिला सुरुवात असते, चढ असतो, थांबे असतात, निवेदकाचा आवाज असतो. चांगला पाठ आणि बरा पाठ यांतला फरक बहुतेक वेळा मजकुरात नसतो, तो या रचनेत असतो.

अभ्यासक्रमाचं नाव टेस-इंडिया. शिक्षकाला त्याच्या शाळेतच आधार मिळावा आणि त्यातून त्याचं शिक्षण व्हावं, असा या नावाचा अर्थ. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने, म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आणि मिल्टन कीन्सला असलेल्या ओपन युनिव्हर्सिटीने, ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून २०१२ मध्ये हे काम सुरू केलं. त्याआधी २००५ पासून याच विद्यापीठाने आफ्रिकेतल्या शिक्षणसंस्थांबरोबर टेसा नावाचं असंच काम चालवलं होतं. तिथला अनुभव इथे आला. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला होता. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा मुलाला स्वतः ज्ञान रचू द्या असं सांगत होता, पण ते सोमवारी सकाळी साठ मुलांच्या वर्गात करायचं कसं, हे शिक्षकाला कोणी दाखवत नव्हतं. या पोकळीत हा अभ्यासक्रम उतरला. आसाम, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल ही त्याची सात राज्यं. प्राथमिक आणि माध्यमिक मिळून भाषा, इंग्रजी, गणित, विज्ञान यांच्या सात मालिका, प्रत्येकीत १५ घटक, असे १०५. वर शाळेच्या नेतृत्वावर, मुख्याध्यापकांसाठी २०. आणि वर्गात चित्रित केलेल्या ५५ छोट्या चित्रफिती. सगळं इंटरनेटवर, फुकट, उतरवून घेता येईल असं. याच साहित्यावर २०१५ मध्ये एक मोठा खुला ऑनलाइन अभ्यासक्रम चालला, पुढे तो हिंदीतही आला, आणि त्याच्या जोडीने शिकणाऱ्यांच्या प्रत्यक्ष भेटीचे वर्गही झाले.

लेखक भारतातले होते आणि बाहेरचेही. दोन देशांतल्या माणसांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात एक धोका असतो. दोघांनाही चालेल असं लिहिता लिहिता तो कोणाचाच उरत नाही. हा मजकूर त्यातून कसा वाचला, ते मला पाहायचं होतं.

आधी शीर्षकं पाहा. मराठीत त्यांचा अर्थ असा होईल: 'गणिताची भीती घालवणं : संयुक्त आकार आणि घनाकृती'. 'गोष्टी रचणं : आलेख समजून घेणं'. 'गैरसमजांतून शिकणं : बैजिक राशी'. 'विचाराला आव्हान देणारे प्रश्न : अपूर्णांक'. प्रत्येक शीर्षकाच्या मधोमध दोन टिंबं. डाव्या अंगाला शिकवायची रीत, उजव्या अंगाला शिकवायचा विषय. आपल्या पाठ्यपुस्तकांत फक्त उजवं अंग असतं, आणि अध्यापनशास्त्राच्या जाड पुस्तकांत फक्त डावं. बी.एड.ला मी ते डावं अंग घोकलं आणि शाळेत गेल्यावर उजवं शिकवलं. दोन्हींची गाठ पडायला मला दहाएक वर्षं लागली. इथे ती गाठ शीर्षकातच मारून दिली आहे. आलेख आणि गोष्ट शेजारी शेजारी ठेवले की शिक्षकाच्या डोक्यात काहीतरी हलतं: घरून शाळेत निघालेली मुलगी, वाटेत डबा विसरल्याचं आठवून परत फिरलेली, मग धावत सुटलेली. अंतर आणि वेळ यांचा आलेख आपोआप उमटायला लागतो. परत फिरल्यावर रेघ खाली येते, धावायला लागल्यावर उभी चढते. अजून घटक उघडलेलासुद्धा नसतो.

मराठी व्याकरणात या दोन टिंबांना अपूर्णविराम म्हणतात. या अभ्यासक्रमाचा सगळा स्वभाव त्या नावात आहे असं मला वाटतं.

घटक उघडल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती संबोधनाची. हा मजकूर विद्यार्थ्याशी बोलत नाही, शिक्षकाच्या वरिष्ठांशी बोलत नाही. थेट शिक्षकाशी बोलतो. 'शिक्षकाने असे करावे' ही विध्यर्थी भाषा, जी आपल्या परिपत्रकांतून इतकी मुरली आहे की कानाला टोचतही नाही, ती इथे नाही. आणि उपक्रमाकडे जाण्याआधी एक अट घातलेली असते, नम्र पण स्पष्ट. मुलांकडून करून घेण्यापूर्वी हे आधी स्वतः करून पाहा. शेजारच्या वर्गावरच्या सहकाऱ्याला सोबत घेतलंत तर अधिकच बरं. कारणही दिलेलं असतं: स्वतः केलं की शिकणाऱ्याला काय वाटतं ते कळतं, आणि ते कळलं की शिकवणं बदलतं.

मला हा भाग या अभ्यासक्रमातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. गणिताच्या शिक्षकाला उत्तर येत असतं, हीच त्याची मोठी अडचण असते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज त्याला इतकी पाठ असते की ती कधीकाळी आपल्याला माहीत नव्हती हे त्याला आठवत नाही. मराठीत 'पाठ' हा शब्द दोन्हीकडे चालतो: पाठ घेणं आणि पाठ करणं. आपल्या शाळांत पहिल्याची परिणती दुसऱ्यात होते, आणि शिक्षकाच्या बाबतीतही तेच होतं. स्वतः करून पाहा म्हणणारा मजकूर शिक्षकाला पुन्हा न येण्याच्या जागी नेऊन उभा करतो. तिथे एकट्याने उभं राहणं लाजिरवाणं असतं, म्हणून सोबत सहकारी.

मी निवृत्त, मला सहकारी कुठून? मी आमच्या इमारतीतल्या एका बाईंना बोलावलं. त्या सरकारी कन्नड शाळेत पाचवी ते सातवीला शिकवतात. भूमितीच्या रचनांवरचा एक घटक आम्ही निवडला. त्यातली मध्यवर्ती कल्पना अशी की कंपास आणि पट्टी हातात येण्यापूर्वी मुलांनी आपल्या शरीरानेच आकृती रचावी. इंग्रजीत तिला एक शास्त्रीय नाव आहे. बाईंनी विचारलं, याला मराठीत काय म्हणाल? मी क्षणभर अडखळले, मग तोंडात आलं: अंगवळणी पडणं. रोजच्या बोलण्यात आपण तो शब्द सवय या अर्थाने वापरतो. पण त्यात अंग आहे, वळण आहे. शिकलेलं शरीरात उतरतं ही जाण आहे. बाहेरून आलेल्या कल्पनेने माझ्याच भाषेतला एक झिजलेला शब्द मला घासूनपुसून परत दिला.

रविवारी सकाळी इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये, गाड्या थोड्या बाजूला घ्यायला लावून, आम्ही नऊ मुलं जमवली. घरात कन्नड बोलणारी, तमिळ बोलणारी, आणि दोन मराठी. दोन मुलांना दोन टोकांना उभं केलं. उरलेल्यांना सांगितलं: असं उभं राहा की तुम्ही या दोघांपासून अगदी सारख्याच अंतरावर असाल. सगळी धावत दोघांच्या बरोबर मध्ये जाऊन गर्दी करून उभी राहिली. एवढ्या सगळ्यांना तिथे जागा नाही म्हटल्यावर ढकलाढकली झाली. मग आम्ही सुतळी दिली. तिच्या मधोमध गाठ मारलेली. दोघं टोकं धरतील, तिसऱ्याने गाठ धरून सुतळी ताणायची. सुतळीचे दोन्ही भाग सारखे, म्हणून गाठ जिथे ताणली जाईल ती जागा दोघांपासून सारख्या अंतरावर. एक मुलगी गाठ धरून मागे मागे सरकली आणि मधल्या गर्दीपासून बरीच लांब, एका स्कूटरच्या बाजूला उभी राहिली. 'हे चालतं?' तिने विचारलं. बाकीच्यांनी सुतळी तपासली. चालत होतं. आम्ही लांब सुतळी दिली तशी मुलं आणखी लांब गेली, काही या बाजूला, काही त्या बाजूला. शेवटी सगळी थांबली तेव्हा टोकाच्या मुलाने पाहिलं आणि ओरडला, 'गेरे!' कन्नडमध्ये गेरे म्हणजे रेघ.

ती रेघच होती. एरवी रांग लावा म्हणून घसा कोरडा पडला तरी न लागणारी रांग, कोणी न सांगता, त्या दोन मुलांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात लागली होती. लंबदुभाजक. मी ही व्याख्या आयुष्यात किती वेळा फळ्यावर लिहिली असेल: रेषाखंडाच्या टोकांपासून समदूर असलेल्या बिंदूंचा संच. ज्या मुलांकडून लिहून घेतली त्यांतल्या कितीजणांना हा 'संच' दिसला असेल, याचा विचार मी त्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा केला. आणि रांगेतल्या शेवटच्या मुलाने भिंतीला पाठ लावून विचारलं की भिंतीपलीकडे कोणी उभं राहिलं तर? रेषा संपत नाही, हे विधान त्याने प्रश्नाच्या रूपात मांडलं होतं.

घरी येऊन आम्ही दोघी पुन्हा घटकाकडे वळलो, आणि तो प्रश्न वाट पाहत होता. काय बदललंत, आणि का? गाठीची सुतळी आमची होती. ती का आणली, याचं उत्तर देताना बाई म्हणाल्या की मुलांना अंतर मोजून आकडे सांगायला लावलं असतं तर ती आकड्यांत अडकली असती; सुतळीला आकडा नसतो, फक्त सारखेपणा असतो. इतकं नेमकं वाक्य मला कोणत्याही प्रशिक्षणात ऐकायला मिळालं नव्हतं. तो प्रश्न नसता तर त्यांच्या तोंडून ते आलंही नसतं.

उपक्रमानंतर बहुतेक घटकांत एका शिक्षिकेचं किंवा शिक्षकाचं मनोगत येतं. गणिताच्या मालिकेत अपराजिता नावाच्या एक बाई भेटतात. उपक्रम त्यांनी आपल्या वर्गात कसा घेतला, ते त्या स्वतःच्या तोंडाने सांगतात. इथे निवेदनाची पातळी बदलते. आतापर्यंत अभ्यासक्रम बोलत होता, आता वर्गातली बाई बोलते. कथेत निवेदक मागे सरून पात्राला बोलू देतो, तसं. अपराजिताबाईंना काळजी वाटते, मुलं गोंधळ करतील अशी धास्ती वाटते, एखाद्या ठिकाणी पुढे काय करायचं ते त्यांना तिथल्या तिथे ठरवावं लागतं. वाचणाऱ्या शिक्षिकेला यात सल्ला मिळत नाही, सोबत मिळते. शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खाताना एक बाई दुसरीला सांगते, त्या सुरातलं हे लेखन आहे. तो सूर दूर देशातल्या विद्यापीठाच्या एका खोलीत बसून सापडला नसता. तो इथून गेला असणार, आणि त्याला अभ्यासक्रमात पानभर जागा द्यायचा निर्णय दोघांनी मिळून घेतला असणार.

याच मनोगतांबद्दल माझी एक तक्रारही आहे. ती बहुतेक चांगल्या रीतीने संपतात. सुरुवातीची धास्ती, मधला गोंधळ आणि शेवटी मुलांना उमजल्याचा आनंद. शिक्षकाच्या आयुष्यात पूर्ण फसलेले तास असतात. ज्यातून काहीच निघत नाही, घंटा होते आणि आपण खडू ठेवून बाहेर पडतो, असे. एखादी अपराजिता शेवटपर्यंत पराजित राहिलेली मला वाचायला आवडली असती. नवख्या शिक्षकाला तिचा आधार अधिक वाटला असता. घटकांच्या आरंभी ही रीत महत्त्वाची का, हे सांगणारा भागही लांबतो. तीन तास सलग घेऊन दमलेली बाई रात्री तो वाचणार नाही, थेट उपक्रमाकडे जाईल. तिने तसं केलं तर फार बिघडत नाही, इतकी उपक्रमांची मांडणी भक्कम आहे.

आता या अभ्यासक्रमाच्या भाषांविषयी. इंग्रजी आवृत्ती अखिल भारतासाठी, आणि मग राज्याराज्यांच्या आवृत्त्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की बिहार, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या तिन्हींची भाषा हिंदी असूनही त्यांच्या आवृत्त्या वेगळ्या ठेवल्या. एकच हिंदी करून तिन्हीकडे पाठवली असती तर खर्च वाचला असता. पण राज्य बदललं की पाठ्यपुस्तक बदलतं, उदाहरणं बदलतात, शिक्षकाचं रोजचं जग बदलतं. भाषांतर आणि स्थानिकीकरण यांतला फरक इथे कळतो. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणं हे पहिलं काम. तो शब्द ज्या वर्गात उच्चारला जाणार त्या वर्गाला ओळखणं हे दुसरं. कर्नाटकासाठी कन्नड आवृत्ती झाली. माझ्या शेजारच्या बाई तीच वाचतात, मी इंग्रजी वाचते, आणि आमची चर्चा कन्नड-मराठी-इंग्रजीच्या मिश्रणात चालते.

मल्लेश्वरमला हे मिश्रण नवं नाही. आमच्या घरापासून जवळच काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे, ज्याच्या नावावरून या वस्तीला नाव मिळालं. ते शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी बांधलं असं परंपरा सांगते, आणि १६६९ च्या शिलालेखात त्यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची नोंद आहे. मराठी माणूस इथे येऊन काही देऊन गेला, याची ती दगडावरची खूण.

बाहेरच्या देशातून आलेली शिक्षणाची रीत आपल्या मातीतली करून घेण्याचं काम मराठीतही झालेलं आहे, आणि ते फार मोठ्या माणसांनी केलेलं आहे. माँटेसरींची पद्धत इटलीतून आली. तिची साधनं घोटीव, मोजूनमापून केलेली आणि महाग. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बालवाडी उभी केली. तिथे त्यांनी शंख, शिंपले, पानं, बिया, खडे हीच साधनं केली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच मुलाच्या दारात न्यायची, हेही त्यांचंच. माँटेसरींचं तत्त्व त्यांनी सोडलं नाही आणि वस्तू जपल्या नाहीत. टेस-इंडियाच्या पायाभूत साहित्यात स्थानिक साधनांच्या वापरावर एक स्वतंत्र टिपण आहे. गोष्टी, गाणी, नाट्य यांवर एक, जोडीने काम करण्यावर एक, सर्व मुलांना सामावून घेण्यावर एक, अशी ती दहा टिपणं आहेत. स्थानिक साधनांचं टिपण वाचताना मला ताराबाईंचं काम पुढे जिथे गेलं ती कोसबाडची टेकडी दिसत राहिली. ताराबाईंना कोणी परदेशी विद्यापीठाने 'काय बदललंत' असं विचारलं नव्हतं. त्यांनी न विचारता बदललं, आणि त्यांची परंपरा असलेल्या भाषेत हा प्रश्न अगदी घरचा वाटायला हवा.

परदेशाशी मिळून घडवलेला दुसरा एक अभ्यासक्रम महाराष्ट्रातूनच निघाला आहे: मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि अमेरिकेतली एमआयटी यांनी टाटा न्यासाच्या पाठबळावर उभा केलेला 'क्लिक्स'. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्याची आयुका, आणि आमच्या मल्लेश्वरमला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातली नियास ही त्याची सहकारी मंडळी. त्याला २०१७ चा युनेस्कोचा राजा हमद पुरस्कार मिळाला. तो मुलांसाठी आहे, संगणकाच्या खोलीत दोघा-तिघांनी मिळून करायचा. चुकांतून शिकणं हे त्याचं एक घोषित तत्त्व आहे, आणि ते त्यात खरोखर पाळलेलं दिसतं. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं. इथे त्याचा उल्लेख एवढ्यासाठी की अशा कामाची क्षमता आपल्याकडे आहे आणि जवळच आहे.

टेस-इंडियाच्या घटकांतलं शेवटचं पान बहुतेक लोक वाचत नाहीत. ते परवान्याचं पान असतं. मी ते मजकुराचाच भाग म्हणून वाचते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली हे साहित्य आहे, तो सांगतो की हे कोणीही घ्यावं, वाटावं, बदलावं, त्याचं भाषांतर करावं. मूळ कर्त्यांचं नाव द्यावं, आणि आपण जे नवीन करू तेही याच अटींवर इतरांना खुलं ठेवावं. उपक्रमानंतरचा तो प्रश्न आणि हा परवाना यांचा सूर एकच आहे. वर्गातल्या शिक्षिकेला बदलाची मोकळीक देणाऱ्या लेखकांनी तीच मोकळीक कायद्याच्या भाषेत पुस्तकभर पसरून ठेवली. रचनेचं असं आतून बाहेरपर्यंत एकजीव असणं मला क्वचितच पाहायला मिळालं आहे. या मजकुरात दोन देशांचे जोड दिसत नाहीत, याचं कारण मला इथे सापडलं. कोणाचाच शब्द शेवटचा नाही असं ठरवून तो लिहिला आहे.

या सात राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून हिंदी, बंगाली, ओडिया, असमिया आणि कन्नड यांच्या यादीत मराठी आली नाही.

माझी मामेबहीण खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते. कर्नाटक सरकारची शिक्षिका, म्हणून तिच्या वाट्याला येते ती कन्नड आवृत्ती, आणि तिला कन्नड उत्तम येतं. मी तिला कोनांवरचा घटक पाठवला होता. आठवड्याने तिचा फोन आला. 'अक्का, वाचतो कन्नडात आणि शिकवतो मराठीत. मधलं सगळं डोक्यातच. ते कुठं लिहून राहत नाही बघ.' मुलांना हात पसरून लघुकोन, काटकोन, विशालकोन करायला लावले तेव्हा एका मुलाने कोयत्यासारखा हात केला, आणि मग तिने अख्ख्या वर्गाला घरातून कोन शोधून आणायला सांगितले: उघडी कात्री, विळी, दाराची बिजागरी, छपराचे वासे. हे सगळं तिने पाठटाचणातही लिहिलं नाही, कारण तिथे तसा रकाना नाही.

ही विळी आणि हे वासे मराठी आवृत्तीत असायला हवेत. ती आवृत्ती करायला कोणाची परवानगी नको, कोणाच्या अनुदानासाठी थांबायला नको. १०५ घटकांचा विचार करून दडपून जाण्याचं कारण नाही. गणित शिकवणाऱ्या दोघी, सोलापूर-लातूरच्या असोत की बेळगाव-बिदरच्या, बंगळूरच्या असोत की परदेशात रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या, एक घटक घेऊ शकतात. इंग्रजी येणारीने वाचावा, वर्ग असणारीने करून पाहावा, आणि दोघींनी मिळून तो मराठीत लिहावा. मी कोनांच्या घटकापासून सुरुवात केली आहे. बहीण खानापूरहून तपासते आहे. तुम्हीही एक घ्या. आधी स्वतः करून पाहा, मग मुलांबरोबर करा, आणि मराठीत लिहिताना प्रत्येक उपक्रमाच्या खाली चार ओळी मोकळ्या ठेवून तिथे नक्की लिहा: तुम्ही काय बदललंत, आणि का.